एक वायर जायला, एक यायला

फळबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगाशेठ म्हणत. पेटीवर उभं राहून त्यांनी पहिली बोली पुकारली की मागच्या गल्लीत पेंगणारी कुत्री उठून बसत, आणि पलीकडच्या रस्त्यावरचा न्हावी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालापासून लांब धरे. लग्न झालं तेव्हा त्यांच्या बायकोला वाटायचं, हा माणूस आपल्याशी भांडतोय. पुढे कळलं, ते मीठ मागत होते.

ही बायको म्हणजे काकू. गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना काकूच म्हणत. खाली रस्त्याला लागून त्यांचं शिलाईचं दुकान आणि वर, लाकडी जिना चढून गेलं की, दोघांची राहायची खोली. शिवण चालू असली तरी शेठ कोपऱ्यावरून घराकडे वळले की काकूंना कळायचं. आवाज माणसाच्या आधी पोचायचा.

आणि मग एका सकाळी तो आवाज गेला. अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळे पडले, आणि बोलणं सगळं पुसून गेलं. सगळं म्हणजे एक शब्द सोडून. बाजारात प्रत्येक बोलीच्या शेवटी ते ‘चला!’ म्हणायचे, तेवढा कसा कोण जाणे जिभेवर राहिला. पाणी हवं, चला. कूस बदलायची, चला. डॉक्टर कसे वाटले, चला. डॉक्टरांनी सांगितलं, समजतं सगळं, डोकं शाबूत आहे, शब्द तेवढे सापडत नाहीत. काकूंना ते ऐकून जास्तच भरून आलं. ज्या माणसाच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं त्याच्याकडे आता एकच किल्ली, आणि तीही सगळ्या दारांना लावायची.

दुकान तर बंद ठेवून चालणार नव्हतं. काकू खाली शिवायला बसत आणि शेठ वर पलंगावर. काही लागलं तर काठी आपटायची, असं ठरलं. पण शिलाई मशीन चालू असलं की काठीचा आवाज कुठला ऐकू यायला? एका दुपारी काकू वर गेल्या तर काठी पलंगाखाली गेलेली, तांब्या कलंडलेला, अंथरूण भिजलेलं आणि शेठ भिंतीकडे तोंड करून पडलेले. किती वेळ ते तसे होते, सांगायची सोयच नव्हती. काकूंनी चादर बदलली. 

दुसऱ्या दिवशी काकूंनी बाजारातून बिनवायरची घंटी आणली. बटण वर, घंटी खाली, मध्ये काहीच नाही. वाजली छान. इतकी छान की काकू हातातलं काम टाकून वर धावल्या आणि शेठ डाराडूर झोपलेले. खाली येतात तोच परत वाजली. परत वर. शेठ आता जागे, पण बटणाला हातही न लावलेला, आणि बायकोकडे असे बघतायत की हिला काय झालं. दिवसभर हे चाललं. संध्याकाळी उलगडा झाला. शेजारच्यांनीही तसलीच घंटी दाराला लावली होती. त्यांच्याकडे पाहुणे आले की काकू जिना चढायच्या.

‘‘तुमच्या पाहुण्यांनी माझे गुडघे घालवले,’’ काकू शेजारणीला म्हणाल्या.

‘‘तरीच!’’ शेजारीण म्हणाली. ‘‘मी दार उघडते तर दारात चिटपाखरू नाही. मला वाटलं, पोरं खोड्या काढतायत.’’

घंटी परत करायला काकू विजेच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराला सगळे वायरवाला म्हणत. माणूस भला, पण त्याच्या जिभेवर ‘उद्या’ कायमचा मुक्कामाला होता. ‘‘काकू, तुम्हाला वायर ओढूनच घंटी लागेल. तीच खात्रीची. उद्या माणूस पाठवतो.’’ तो उद्या आला नाही, त्याच्या पुढचाही नाही. तिसऱ्या खेपेला काकूंनी काउंटरवर दोन्ही हात टेकले.

‘‘माणूस राहू दे. सामान काय लागतं ते सांगा.’’

‘‘तुम्ही करणार?’’

‘‘गिऱ्हाइकाच्या मापाचा कोट करते मी. घंटी कोटापेक्षा अवघड असते का?’’

वायरवाला हसला, पण चेष्टेने नाही. ‘‘भिंतीतल्या करंटला मात्र हात लावायचा नाही, शब्द द्या. सेलवर करा. सेलने काही होत नाही, चुकलं तर फार तर वाजणार नाही.’’ त्याने एकेक वस्तू काढून समोर ठेवली. सेल, ते बसवायची प्लॅस्टिकची डबी, दाबायचं बटण, काळ्यापांढऱ्या जोडवायरीचं वेटोळं, आणि बोटाच्या पेराएवढा काळा बझर, ज्याला लाल आणि काळी अशा दोन शेपट्या होत्या. वर बोराएवढा एक बल्ब आणि त्याचा होल्डर ठेवला. ‘‘हा कशाला?’’ ‘‘आधी ह्याच्यावर शिका. बझर रुसला तर का रुसला ते दिसत नाही. बल्ब निदान डोळ्यांना दिसतो.’’

कापड बेतायच्या टेबलावर काकूंनी सामान मांडलं. वायर कापली, एक टोक सेलच्या डबीतून निघालेल्या वायरीला बांधलं, दुसरं बल्बच्या होल्डरला. गाठ अशी मारली की बघणाऱ्याने वा म्हणावं. उरलेलं टोक आत दडवलं, शिवणीतलं दडवतात तसं. बल्ब लागला नाही. त्यांनी गाठ आणखी घट्ट केली. बल्ब ढिम्म. त्यांनी बल्बवर टिचकी मारली, फुंकर मारली, आणि शेवटी ‘अरे बाबा’ म्हणून विनवणीही करून पाहिली.

गाठ मारलेल्या वायरीसकट बल्ब पदरात बांधून त्या परत वायरवाल्याकडे गेल्या. त्याने गाठीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. ‘‘काकू, वायर सोललीच नाही! करंट आतल्या तांब्यातून जातो. वरचं प्लॅस्टिक म्हणजे त्याचा कोट. दोन माणसांनी कोट घालून हातात हात दिला तर कातडीला कातडी लागेल का?’’ त्याने दातांनी टोक सोलून तांब्याच्या तारा उघड्या केल्या, आणि दुसऱ्या तारांशी पीळ देऊन दाखवलं. ‘‘आणि एकच वायर काय जोडलीत? दोन लागतात.’’

‘‘का?’’

‘‘का म्हणजे? दोनच लागतात.’’

‘‘पण का? नळाला एकच पाइप असतो. पाणी येतं, बादली भरते. पाणी परत टाकीत पाठवायला कोण पाइप लावतं?’’

वायरवाला थांबला. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला त्याने जरा थांबायला सांगितलं. ‘‘आम्ही शिकलो तेव्हा उस्तादाने सांगितलं, एक जायला, एक यायला. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं,’’ तो म्हणाला.

घरी येईपर्यंत काकूंच्या डोक्यात तेच. जायला कळलं, यायला कशाला? टेबलावर एक पायजमा नाडी घालायचा राहिला होता. विचार करता करता त्यांनी सेफ्टीपिन लावून नाडी नेफ्यात सरकवली, आणि चालता चालता एखाद्याचं पाऊल थबकावं तसा त्यांचा हात थबकला. नाडी एका भोकातून आत जाते, कमरेभोवती फिरते आणि दुसऱ्या भोकातून बाहेर येते. टोक आत हरवलं तर कितीही ओढा, पायजमा कमरेवर थांबायचा नाही. फिरून परत आली तरच ती धरते. ह्या करंटचंही असंच असेल का? गोल फिरला तरच काम करत असेल. बल्ब म्हणजे बादली नव्हेच, बल्ब म्हणजे वाटेवरचं गाव.

त्यांनी वायरी सोलल्या. सेलच्या एका बाजूने बल्बकडे, बल्बकडून सेलच्या दुसऱ्या बाजूला. शेवटचं टोक टेकवलं आणि बोराएवढा बल्ब लागला. टोक काढलं, विझला. टेकवलं, लागला. दुकानात कोणी नव्हतं म्हणून बरं, कारण काकू चाळिशी कपाळावर चढवून एकट्याच हसत होत्या, आणि कितीदा लावावं आणि विझवावं ह्याला काही धरबंद उरला नव्हता.

मग त्यांना चाळाच लागला. दोन उघड्या टोकांमध्ये थोडी जागा सोडायची आणि तिथे एकेक वस्तू ठेवून बघायची. कात्री ठेवली, लागला. कात्रीच्या प्लॅस्टिकच्या मुठीवर टोकं टेकवली, विझला. बोटातलं पितळी अंगुस्तान, लागला. खडू, नाही. मापाची पट्टी, नाही. पण पट्टीच्या टोकाचा पत्रा, लागला! पेन्सिलीच्या लाकडाने काही केलं नाही आणि दोन्ही बाजूंनी टोक काढून शिशाला लावलं तर बल्ब मिणमिणला, लागू की नको असं. काकू पुढे झुकल्या. धातू नाही आणि तरी नेतो? निम्मं नेतो? हे काय प्रकरण? पेन्सिलीकडे त्या अशा बघायला लागल्या, जशी ती इतकी वर्षं त्यांच्यापासून काहीतरी लपवत होती.

इतक्यात पँट न्यायला एक गिऱ्हाईक आलं. बँकेतले कारकून, टापटिपीचा माणूस. नवी चेन बसवलेली त्यांची पँट काकूंनी टेबलावर पसरली, आणि द्यायच्या आधी राहवलं नाही म्हणून चेनीच्या वर एक टोक आणि खाली एक टोक टेकवलं. बल्ब लागला.

कारकून दचकले. ‘‘हे काय करताय?’’

‘‘काही नाही. तुमची चेन चालू आहे.’’

‘‘घालायला धोका नाही ना?’’

‘‘सेल खिशात ठेवू नका म्हणजे झालं,’’ काकू म्हणाल्या. कारकून पँट लांब धरून घेऊन गेले.

बल्बवर हात बसला तशी बझरची पाळी आली. बल्ब काढून तिथे बझर जोडला, आणि तो मुका. काकूंनी ह्या वेळी घाई केली नाही. वायर सोललेली? आहे. फेरा पुरा? आहे. सेल? बल्ब लावून बघितला, लागतो. म्हणजे खोट वाटेत नाही, बझरच्या मनात आहे. त्याची लाल शेपटी आणि काळी शेपटी, हे दोन रंग कुणी हौसेने दिले नसणार. कापडाला उलटी बाजू असते तशी ह्यालाही असेल. त्यांनी शेपट्यांची अदलाबदल केली आणि बझर असा किंचाळला की त्यांच्या हातातून सुटून टेबलाखाली गेला. बल्बला कुठूनही या, चालतं; बझरला मात्र पुढच्या दारानेच यावं लागतं. लालकडून आत, काळीकडून बाहेर. काकूंनी हे मनाशी दोनदा म्हटलं, पाठांतर केल्यासारखं.

मग जोडवायर जिन्याच्या कडेने छोट्या खिळ्यांनी ठोकत वर नेली. बझर आणि सेल खाली मशीनजवळ, बटण वर शेठच्या डाव्या हाताशी, पलंगाच्या दांडीला फितीने बांधलेलं. पांढरी वायर बझरकडून वर बटणाला जाई, आणि काळी बटणाकडून खाली सेलला परत येई. शेठ सगळं बघत होते. काकूंनी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. जिन्याचं दार उघडंच होतं, खालून किंकाळी आली. शेठच्या भुवया वर गेल्या.

‘‘आता काठी नको, ओरडणं नको. बोट लावा, मी आले.’’

‘‘चला,’’ शेठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बझरचा आवाज आला नाही. काकूंनी सकाळपासून कान त्याच्याकडे लावून ठेवला होता. अधूनमधून मशीन थांबवून त्या ऐकत. मग वर जाऊन बघत, तर शेठ छताकडे बघत पडलेले, पाण्याचा ग्लास रिकामा.

‘‘अहो, तहान लागली तर दाबायचं ना बटण!’’

काकूंनी जिन्याचं दार उघडं ठेवून स्वतः दाबून पाहिलं. खाली ठणठणीत वाजत होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. काकूंच्या जिवाला लागलं. इतक्या हौसेने केलं, बोटं टोचून घेतली, आणि ह्या माणसाला एक बोट हलवायचं जड? ‘‘हात झिजेल का दाबून?’’ त्या म्हणाल्या आणि म्हणता क्षणी जीभ चावली, कारण एक हात झिजूनच गेलेला होता. शेठनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलगी दुसऱ्या गावी नर्स होती. फोनवर तिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘आई, त्यांना लाज वाटत असेल गं. घंटी वाजवून बोलवायचं म्हणजे दवाखान्यातला पेशंट झाल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही असे असतात.’’ काकूंना ते पटलं, पण पुरतं नाही. त्यांचा नवरा हाका मारायला लाजणारा माणूस नव्हता. तो हाक मारूनच जगला होता.

मग एका दुपारी त्या वर गेल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. बटण दांडीवरून सुटलेलं, त्याचं झाकण चादरीवर, आणि दोन्ही वायरी उपटलेल्या. शेठच्या ओठाला प्लॅस्टिकचा बारीक तुकडा चिकटलेला. डाव्या हाताने आणि दातांनी त्यांनी ते उकललं होतं.

‘‘काय केलंत हे!’’ काकूंचा आवाज चढला. ‘‘नको तर नको म्हणायचं. माझ्या कामाची अशी वाताहत…’’

‘‘चला,’’ शेठ म्हणाले. घाईने, आर्जवाने. ‘‘चला, चला.’’ त्यांनी हात पुढे केला. काकू काही केल्या बसेनात, तेव्हा त्यांनी पलंगावर थापटलं. काकू बसल्या.

शेठनी दोन उघड्या वायरी उचलल्या आणि एकमेकींना टेकवल्या. खाली बझर वाजला असणार, पण जिन्याचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं आणि रस्त्यावर टेंपो घरघरत उभा होता. वर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. शेठनी कानामागे हात धरला. वाट पाहिली. मग रिकामा तळवा काकूंपुढे पसरला.

काकू त्या तळव्याकडे बघत राहिल्या.

‘‘इथे ऐकू येत नाही,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘तुम्ही दाबलं होतंत?’’

शेठनी मान डोलावली.

‘‘पहिल्याच दिवशी?’’

परत मान. मग त्यांनी बोटाने हवेत बटण दाबलं, दाबलं, दाबलं, आणि दर वेळी कानामागे हात. काकूंना आठवलं, त्या दिवशी सकाळी मध्येच थोडा वेळ त्या नळावर पाणी भरायला मागे गेल्या होत्या. बझर रिकाम्या दुकानात ओरडून गप्प झाला असेल. आणि वर हा माणूस, ज्याने जन्मभर बोली पुकारली आणि समोरून शंभर तोंडांनी उत्तर घेतलं, तो बटण दाबत पडला होता. वाजलं का, पोचलं का, येते का, का मोडलं, काही कळायला मार्ग नाही. उत्तर नसलेली बोली कोण दुसऱ्यांदा पुकारेल?

‘‘तुम्हाला परत आवाज हवाय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मी ऐकलं, हे तुम्हाला कळायला हवं.’’

‘‘चला!’’ शेठ म्हणाले, आणि किती महिन्यांनी तो शब्द खणखणीत निघाला.

वायरवाल्याकडून काकूंनी दुसरा बझर आणि दुसरं बटण आणलं. जोडवायर मात्र संपली होती; ती उद्या येणार होती, आणि वायरवाल्याचा उद्या काकूंना माहीत होता. एकेरी पिवळ्या वायरीचं एक वेटोळं शिल्लक होतं, ते त्या घेऊन आल्या. जिना चढेल इतकीच लांबी, परत उतरेल इतकी नाही.

‘‘एकच आहे,’’ त्या पलंगावर बसत म्हणाल्या. ‘‘जायला होईल. यायला नाही.’’

शेठनी हात पुढे केला. काकूंना वाटलं, वायर मागतायत. पण त्यांना काकूंच्या पदराशी अडकवलेला दोरा हवा होता. मग काकूंच्या लक्षात आलं आणि त्यांनी शिवणाचा डबाच वर आणला. चादरीवर घंटी मांडली गेली. कोटाचं मोठं बटण म्हणजे खालचा बझर, शेजारी अंगुस्तान म्हणजे सेल, उशीजवळ एक टाचणी म्हणजे शेठचं बटण. पांढरा दोरा वर, काळा दोरा खाली. ही झाली जुनी घंटी. आता काकूंनी अंगुस्तानापाशी दुसरी टाचणी टोचली, आपलं नवं बटण. उशीजवळ कोटाचं दुसरं मोठं बटण ठेवलं, शेठचा नवा बझर. आणि पिवळा दोरा खालून वर नेला.

‘‘इथवर आला करंट. बझर वाजवला. आता परत कसा जाणार? इथून खाली आणखी एक दोरा…’’ त्यांनी हिरवा दोरा मांडला. ‘‘ही वायर आपल्याकडे नाही.’’

शेठ बराच वेळ चादरीकडे बघत होते. खाली कुणीतरी काकूंना हाक मारली आणि निघून गेलं. मग शेठनी डाव्या हाताने हिरवा दोरा उचलला आणि बाजूला टाकला.

‘‘अहो, यायला वायर नको का?’’

शेठनी नव्या बझरच्या जागी ठेवलेल्या कोटाच्या बटणावर बोट ठेवलं, ते सरकवत उशीजवळच्या काळ्या दोऱ्यापर्यंत नेलं आणि काळ्या दोऱ्यावरून खाली, थेट अंगुस्तानापर्यंत आणलं.

‘‘आधीचीच?’’ काकू म्हणाल्या. ‘‘तिच्यावरून माझी घंटी परत येते ना. त्यात तुमचीही? मिसळणार नाही?’’

शेठनी खांदा उडवला, एकच खांदा. काय माहीत. करून बघ.

काकूंना धीर निघेना. खालचा बझर आणि सेल त्यांनी वर आणले आणि जिन्यावरच्या वायरींच्या जागी उरलेले तुकडे लावून तिथेच, चादरीवर, खरी जोडणी केली. पिवळी सेलकडून बटणाला, बटणाकडून नव्या बझरच्या लाल शेपटीला. आणि काळी शेपटी आधीच्या काळ्या वायरीच्या उघड्या तारांमध्ये पिळून टाकली. चिकटपट्टी शेठनी दातांनी तोडून दिली. काकूंनी आपलं बटण दाबलं. शेठचा बझर वाजला, खालचा गप्प. शेठनी त्यांचं दाबलं. खालचा वाजला, वरचा गप्प. मग दोघांनी एकदम दाबली, आणि दोन्ही बझर असे कोकलले की शेजारीण दारात येऊन विचारायला लागली, कुणाची घंटी वाजतेय, तुमची का आमची?

‘‘जायच्या वाटा वेगळ्या,’’ काकू वायरींकडे बघत राहिल्या. ‘‘यायची एकच. आणि तरी कुणाचं कुणात अडकत नाही. हे कसं हो?’’

शेठनाही ते माहीत नव्हतं. पण ते त्या काळ्या वायरीकडे असे बघत होते, जसे पूर्वी एखाद्या नव्या जातीच्या फळाकडे बघायचे. चाकू मागवून, चिरून, आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्याची बोली पुकारायचे नाहीत. पुढे वायरवाल्याने सांगितलं, त्याला कॉमन म्हणतात, मोठ्या इमारतींतही तसंच असतं. काकूंनी त्यालाही विचारलं, मिसळत का नाही? तो म्हणाला, विचारून सांगतो. आणि खरंच त्याने विचारलं कुणालातरी. पण ते उत्तर काकूंना अर्धंच पटलं, आणि तो विषय दुकानाच्या काउंटरवर अजून चालू आहे.

सगळं परत जागच्या जागी गेलं, पिवळी वायरही जिन्याच्या कडेने ठोकली गेली, आणि त्या दिवसापासून वर वाजलं की खालून वाजू लागलं. शेठनी एकदा दाबलं, काकूंनी एकदा दाबलं, म्हणजे ऐकलं. हातातलं काम मोडण्यासारखं नसेल तर काकू दोनदा दाबत, म्हणजे थांबा जरा. हे कुणी ठरवलं नाही, होत गेलं. शेठना आता पाण्यासाठी थांबायचं काही वाटेना. थांबायचं आहे, एवढं कळलं की माणूस थांबतो. मुलगी भेटायला आली तेव्हा तिने बापाला बटण दाबून खालच्या उत्तरासाठी कान टवकारताना बघितलं, आणि मग आईच्या हातावरचे तांब्याच्या तारांनी ओरखडलेले चट्टे बघत बसली. जाताना तिने विचारलं, ‘‘आमच्या दवाखान्यातल्या घंटीला परत आवाज येत नाही. तिथे असं करता येईल का?’’ काकू म्हणाल्या, ‘‘तिथे भिंतीतला करंट असेल. तो माझा नाही. पण तुमच्या तिथल्या माणसाला सांग, यायची वायर एकच पुरते.’’

थोड्या दिवसांनी, भर कामाच्या वेळी, वरून बझर वाजला. काकूंनी एकदा दाबून ‘ऐकलं’ सांगितलं. परत वाजला. दोनदा दाबून त्यांनी ‘थांबा’ सांगितलं. समोर एक बाई मापाला उभी होती, आणि पट्टी तिच्या कमरेभोवती होती. तर वरून वाजत सुटला, लांब, लांब, थांबायचं नावच नाही.  पट्टी तशीच टाकून त्या जिना चढल्या.

शेठ उशांना टेकून खिडकीकडे वळून बसले होते. धडधाकट. त्यांनी बोट बाहेर केलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर माणसं पाण्याची नवी टाकी चढवत होती. केवढी मोठी टाकी, आणि वर ओढणारी माणसं मोजकीच. दोर एका चाकावरून गेला होता, तिथून खाली दुसऱ्या चाकात, परत वर. माणसं हातभर दोर ओढत आणि टाकी वीतभर चढे.

‘‘एवढ्यासाठी?’’ काकू धापा टाकत म्हणाल्या. ‘‘मला वाटलं…’’

शेठनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. ते टाकीकडे, मग चाकाकडे, मग परत टाकीकडे बघत होते.

काकूंनी खिडकीचं दार पुरतं उघडलं आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या. टाकी मधल्या मजल्यावर येऊन हेलकावली, खालच्या माणसाने ओरडून काहीतरी सांगितलं, दोर ताणला गेला. खाली दुकानात ती बाई ‘काकू, ओ काकू’ करत होती.

‘‘दोन चाकं कशाला घेतली असतील?’’ काकू म्हणाल्या आणि पुढे सरकल्या, म्हणजे दोघांनाही नीट दिसावं.